समुद्रकाठच्या मुक्कामाची आखणी परतीच्या उड्डाणापासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी चार वर्षे खपून गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधले, चाचणी उड्डाणांचे ठरलेले तास पूर्ण केले आणि आता त्या विमानावर एकूण ७० तास झाले आहेत. आपापली विमाने असलेल्या तीन वैमानिक मित्रांबरोबर दोन तासांच्या अंतरावरील समुद्रकाठी जायचे, वाळूच्या टेकड्यांमागच्या ६०० मीटर लांबीच्या गवती धावपट्टीवर उतरायचे, विमानांजवळ तंबू ठोकून दोन रात्री राहायचे आणि परतायचे, असा बेत आहे. धावपट्टीवर इंधन मिळत नाही. विचारणाऱ्यांच्या शेजारच्या आसनावर एक न उडवणारा मित्र असेल, तर उरलेल्या तिघांपैकी एक जण आपल्या विमानात एकटाच येणार आहे. या सहलीसाठी काय काय काळजी घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे आणि सोबत आपल्या विमानाचे आकडेही दिले आहेत.

मी स्वतः बांधलेल्या विमानाने अशा धावपट्ट्यांवर बरीच वर्षे जात आलो आहे, आणि माझा अनुभव असा की समुद्रकाठी पोहोचण्याची तयारी सगळेच नीट करतात, पण तिथून निघण्याचा हिशेब तिथे गेल्यावर, तंबू गुंडाळता गुंडाळता करतात. जाताना सगळ्या गोष्टी तुमच्या बाजूने असतात: ओळखीची लांब धावपट्टी, भरलेली टाकी, कोरडे सामान, हवामान पाहून निवडलेली वेळ. परतताना यातले एकही उरत नाही. म्हणून मी सगळा हिशेब उलट्या दिशेने, म्हणजे परतीच्या उड्डाणापासून, मांडून दाखवतो.

त्याआधी एक प्रश्न तुम्हाला विचारणे भाग आहे. चाचणीच्या तासांत तुम्ही विमान पूर्ण वजनाने आणि गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमानाचे सगळे वजन तोलले जाते तो) मागच्या मर्यादेजवळ ठेवून उडवले होते का? अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला साधारणपणे ४० तास, आणि इंजिन व प्रोपेलरची प्रमाणित जोडी असेल तर २५ तास, चाचणी करावी लागते, आणि इतरत्रही अशाच स्वरूपाचे नियम आहेत. पण या तासांत बहुतेक बांधणारे एकटेच, हलक्या विमानाने घिरट्या घालतात आणि तास भरले की चाचणी संपली असे समजतात. तसे झाले असेल तर मित्र आणि तंबू घेऊन केलेले तुमचे पहिले उड्डाण हेच खरे चाचणी उड्डाण ठरेल, आणि त्यात एक प्रवासी बसलेला असेल. म्हणून सहलीच्या काही आठवडे आधी घरच्या लांब धावपट्टीवर, शेजारच्या आसनावर आणि कप्प्यात वाळूच्या पिशव्या पक्क्या बांधून, वजन टप्प्याटप्प्याने वाढवत एकट्याने उडून पाहा. चढाईचा वेग किती घटतो, स्टॉल, म्हणजे पंखांचा उचलण्याचा जोर अचानक सुटणे, किती नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) येतो, नाक वर-खाली करण्याच्या दांड्यावरचा जोर किती हलका होतो आणि जमीन सोडून १५ मीटर उंची गाठायला किती अंतर लागते, हे वहीत लिहून ठेवा. कारखान्यात बनलेल्या विमानाला हे आकडे पुस्तिकेत छापून मिळतात, पण तुमच्या विमानाचे आकडे तुम्ही मोजल्याशिवाय अस्तित्वातच येत नाहीत.

आता वजन. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार रिकामे विमान ३४५ किलो, कमाल वजन ६०० किलो, दोघे मिळून १५५ किलो आणि टाकी ८० लिटर. पेट्रोल लिटरला साधारण ०.७२ किलो भरते, म्हणजे भरलेल्या टाकीचे सुमारे ५८ किलो. एवढे धरल्यावर सामानासाठी ४२ किलो उरतात असे कागदावर दिसते, पण तुमच्या कप्प्याची मर्यादा २५ किलो आहे, आणि खरी अडचण त्या २५ किलोंच्याही आत दडलेली आहे.

पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे मोजायचे तर तुमच्या रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य ०.३० मीटरवर, आसने ०.६२ वर, टाक्या ०.२० वर आणि सामानाचा कप्पा १.३० मीटरवर आहे. मागची मर्यादा ०.४३ मीटर आहे. भरलेली टाकी, दोघे माणसे आणि २५ किलो सामान धरून प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणा, बेरीज करा आणि एकूण वजनाने भागा: उत्तर ०.४१८ येते, म्हणजे सर्व ठीक. दोन तास उडून, ३६ लिटर जाळून समुद्रकाठी उतरताना ते ०.४२८ होते, अजूनही मर्यादेच्या आत. पण परतीच्या वाटेवर टाकीत १५ लिटर उरले की तेच उत्तर ०.४३७ येते. टाक्या गुरुत्वमध्याच्या पुढे असल्यामुळे इंधन जळेल तसे नाक हलके होत जाते आणि विमान हवेत असतानाच मर्यादेबाहेर सरकते. गुरुत्वमध्य मागे गेलेल्या विमानाचा दांडा हाताला फार हलका लागतो, स्टॉलमधून नाक खाली आणणे कठीण होते, आणि गिरकीत सापडल्यास बाहेर पडण्याची शाश्वती राहत नाही. हे सगळे घडते ते दिवसाच्या शेवटी, थकलेल्या वैमानिकाच्या हातात, उतरण्याच्या कमी वेगावर.

यावरचा उपाय सोपा आहे: सामान १८ किलोंवर आणा आणि उरलेले ७ किलो एकट्याने येणाऱ्या मित्राच्या रिकाम्या आसनावर पक्के बांधून पाठवा, अर्थात त्याने त्याच्या विमानाचा हिशेब वेगळा मांडल्यावरच. मग १५ लिटर उरले असतानाही उत्तर ०.४२६ येते. तरी एक गोष्ट हिशेबात धरा, जी मी पहिल्या सहलीत धरली नव्हती. समुद्रकाठची पहाट दवाने भिजलेली असते, तंबू आणि झोपायच्या पिशव्या ओल्याच गुंडाळाव्या लागतात, आणि जाताना १८ किलो भरलेले सामान येताना २० भरते. ते २० किलो धरले तर उत्तर ०.४२९ आहे, म्हणजे मर्यादेच्या आत पण जेमतेम. स्प्रिंगचा छोटा हातकाटा सोबत ठेवा आणि परतीच्या सकाळी प्रत्येक पिशवी पुन्हा तोला. स्वयंपाकाच्या शेगडीचे गॅसचे डबे मात्र विमानात घेऊच नका. तेवढ्यासाठी कोणीतरी रस्त्याने येत असेल तर उत्तम, नाहीतर शेगडीशिवाय दोन दिवस निघतात.

आता ६०० मीटरची धावपट्टी. तुम्ही घरी, पक्क्या पट्टीवर, ५०० किलो वजनाने, १५ मीटर उंची गाठेपर्यंत ३०० मीटर मोजले आहेत, आणि त्यावरून ६०० म्हणजे दुप्पट, असा तुमचा निष्कर्ष दिसतो. ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने लहान विमानांसाठी दिलेले गुणक मी वापरतो: वजन १० टक्के वाढले तर अंतराला १.२ ने गुणावे, कोरड्या गवतासाठी १.२ ने, ओल्यासाठी १.३ ने, तापमान १० अंश वाढले तर १.१ ने, आणि शेवटी सुरक्षेसाठी सगळ्याला १.३३ ने. परतताना टाकीत ४४ लिटर असतील, म्हणजे विमान ५५० किलोंच्या आसपास, तुमच्या मोजणीपेक्षा १० टक्के जड. ३०० गुणिले १.२ गुणिले १.२ म्हणजे ४३२, आणि सुरक्षेचा गुणक लावून ५७५ मीटर. हे सकाळचे उत्तर. दुपारी तापमान दहा अंशांनी चढले की तेच ६३२ मीटर होते. आणि पहाटे गवत दवाने ओले असताना, थंडी असूनही, ते ६२२ होते. म्हणजे तुमच्या विमानाला ही पट्टी दिवसभर पुरत नाही. गवत सुकल्यापासून ऊन तापेपर्यंतच ती पुरते. उतरायला मात्र ती कधीही पुरेल असे वाटेल, कारण अशा हलक्या विमानांना थांबायला बहुधा उडण्यापेक्षा कमी अंतर लागते, आणि म्हणूनच अशा पट्ट्यांवर विमाने आरामात उतरतात आणि मग अडकून पडतात.

सुरक्षेचा गुणक सोडून दिला तर हे सगळे आकडे ६०० च्या आत येतात, आणि कोणीतरी मित्र ते तुम्हाला नक्की दाखवून देईल. त्याचे ऐकू नका. तो गुणक तुमच्या प्रोपेलरवरच्या ओरखड्यांसाठी, गवतातल्या न दिसलेल्या खळग्यासाठी आणि अर्ध्या क्षणाच्या उशिरासाठी आहे. उलट एक पक्की खूण ठरवा: पट्टीच्या मध्यावर, म्हणजे ३०० मीटरला, बाजूला एखादी रंगीत पिशवी ठेवा आणि तिथपर्यंत उड्डाणाच्या वेगाचा ७० टक्के वेग काट्यावर दिसला नाही तर इंजिनाचा जोर काढून थांबा. हा नियम जुना आहे आणि तो पाळताना मनाशी वाद घालावा लागत नाही.

इंधनाचा हिशेबही तसाच परतीकडून पाहा. ताशी १८ लिटर जळतात, परतीला ३६ लागतील आणि पाऊण तासाचे राखीव सुमारे १४, म्हणजे ५० लिटर हवेत, आणि तुमच्याकडे असतील ४४. समोरचा वारा निघाला तर आणखी कमी. उत्तर असे की किनाऱ्यापासून ४० किलोमीटर आतल्या, लांब पट्टीच्या आणि पंप असलेल्या विमानतळावर परतीचा पहिला थांबा घ्या, आणि तो पंप त्या दिवशी चालू आहे का ते निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या. काही जण प्लॅस्टिकचे कॅन भरून नेतात. मला ते पटत नाही, कारण बंद जागेत पेट्रोलची वाफ, स्थिर विजेची ठिणगी आणि वाढलेले वजन हे तिन्ही धोके ते एका पिशवीत घालून नेतात. आतल्या थांब्याचा दुसरा फायदा असा की किनाऱ्यावर धुके आले तर जातानाही तोच तुमचा पर्यायी तळ ठरतो.

किनाऱ्यावरच्या हवामानात दोन गोष्टी दिवसाचे वेळापत्रक ठरवतात. पहिली म्हणजे खारे वारे. ऊन चढले की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत शिरते. सकाळ उतरणीला लागली की हे सुरू होते, दुपारी सर्वांत जोरात, बहुधा १० ते २० नॉट, वाहते आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडते. समुद्रकाठच्या पट्ट्या बहुतेक किनाऱ्याला समांतर असतात, कारण टेकड्यांमागे सपाट जागा तेवढीच आणि त्याच दिशेने मिळते. त्यामुळे खारा वारा नेमका आडवा येतो. तुमच्या विमानाला तुम्ही १० नॉट आडव्या वाऱ्यापर्यंत हाताळले आहे. १५ नॉटचा वारा पट्टीशी ६० अंशांचा कोन करून आला तरी त्यातला १३ नॉट भाग आडवा असतो, आणि त्यात टेकड्यांवरून उतरणाऱ्या हवेचे हेलकावे मिळतात. म्हणून जातानाही दुपारच्या आत, शक्यतो ११ वाजण्यापूर्वी उतरा.

दुसरी गोष्ट धुके. ओलसर, उबदार हवा थंड पाण्यावरून सरकली की तिच्यात धुके धरते आणि वारा त्याला जमिनीवर आणतो, कधी संध्याकाळी, आणि अगदी काही मिनिटांत. संध्याकाळी तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते) यांत तीन अंशांपेक्षा कमी फरक उरला की मी दुसऱ्या दिवशी लवकर निघण्याचे बेत सोडून देतो. सकाळचा खालचा ढग जमिनीच्या बाजूने आधी विरतो आणि समुद्राच्या काठावर सर्वांत शेवटी. त्यामुळे आतल्या विमानतळाचा हवामान अहवाल स्वच्छ आणि तुमच्या तंबूवर मात्र राखाडी छत, असे नेहमी घडते. आता दोन्ही गोष्टी जोडून पाहा: धुके आणि दव साडेनऊपर्यंत, उकाडा आणि आडवा वारा साडेअकरापासून. तुमच्या परतीला दिवसातून दोन तासांची फट मिळते, आणि एखाद्या दिवशी तीही मिळत नाही. म्हणून दोन रात्रींच्या मुक्कामासाठी तीन दिवसांची नव्हे, चार दिवसांची रजा घ्या, आणि चारही जणांनी घ्यावी. चौघांपैकी एकाला सोमवारी सकाळी कामावर हजर राहायचे असेल, तर रविवारी सगळ्यांच्या विमानांचा निर्णय त्याचे घड्याळ घेते.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका सहलीत, दुसऱ्या दिवशी महत्त्वाचे काम असल्याने, मी ढगात दिसलेल्या एका मोठ्या निळ्या भोकातून निघालो. वर चढायला वेळ लागला तेवढ्यात पुढचे भोक मिटले. मागे वळून पाहिले तर ज्यातून आलो तेही मिटले होते. ५०० फुटांवर, डाव्या पंखाखाली फेसाची पांढरी रेघ धरून, मी अकरा मिनिटे किनाऱ्याने उडलो आणि पहिली मोकळी दरी दिसताच आत शिरलो. विमानात कृत्रिम क्षितिज, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना विमानाचा कल दाखवणारे उपकरण, होते, पण त्यावर उडण्याचा सराव मला नव्हता, म्हणजे ते असून नसल्यासारखेच होते. मागे राहिलेले दोघे सव्वादहाला निघाले आणि माझ्यानंतर पाऊण तासाने, गप्पा मारत उतरले.

धुके नसतानाही पाण्यावरची धुरकट हवा फसवते, कारण राखाडी पाणी आणि राखाडी आकाश यांच्या मधली क्षितिजाची रेघच नाहीशी होते आणि वर-खाली कळण्याचा एकमेव आधार जातो. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी कनिष्ठ स्वतः चालवत असलेले विमान अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात पडले, ते इंजिन बिघडून नव्हे. पाण्यावरून खाली येताना वैमानिकाचे दिशाभान हरपले आणि विमानावरचा ताबा सुटला, आणि त्याला धुरकट हवा व काळोखी रात्र कारणीभूत ठरली, असा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष आहे. तुम्ही दिवसा उडणार आहात, तरी किनाऱ्याची रेघ खिडकीतून कायम दिसत राहील असाच मार्ग आखा.

वाटेतली खाडी सरळ ओलांडावी की वळसा घ्यावा, हे सोप्या गुणाकाराने ठरते. तुमचे विमान इंजिन बंद असताना एक भाग उतरत नऊ भाग पुढे जाते, म्हणजे ३००० फुटांवरून शांत हवेत सुमारे ८ किलोमीटर. फिरणाऱ्या प्रोपेलरचा रोध, वारा आणि पहिल्या काही सेकंदांचा गोंधळ वजा करून मी ६ च धरतो. दोन्ही काठांकडून सहा-सहा, म्हणजे १२ किलोमीटरपेक्षा रुंद खाडी त्या उंचीवरून ओलांडायची नाही. वर जा किंवा वळसा घ्या. लाइफ जॅकेट अंगात घातलेलेच असावे आणि ते हाताने दोरी ओढून फुगणारे असावे, कारण पाणी लागताच आपोआप फुगणारे जॅकेट बुडत्या केबिनमध्ये माणसाला छताशी दाबून धरते. न दुमडणारी चाके पाण्याला लागली की विमान बहुधा पालथे होते, आणि फुगीर काचेच्या कॅनॉपीचे विमान पालथे झाले की ती उघडत नाही. म्हणून टेकण्यापूर्वी तिची कडी सोडायची, आणि काच फोडायचे अवजार हाताच्या टप्प्यात, आसनाजवळ बांधून ठेवायचे. हे अवजार मऊ वाळूत नाक रुतून उलटलेल्या विमानातही तितकेच कामाचे आहे. निघण्यापूर्वी तुमच्या मित्राला डोळे मिटून पट्टा सोडायला आणि कडी शोधायला लावा, दोनदा. जुना, विकत घेतलेला आपत्कालीन बीकन बसवला असेल तर त्याची वारंवारता पाहा: १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह १२१.५ मेगाहर्ट्झचा संकेत ऐकत नाहीत. ४०६ मेगाहर्ट्झचा, खिशात मावणारा बीकन प्रत्येकाकडे हवा.

दमट हवेत आणखी एक गोष्ट घडते: कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, आणि तोही बाहेर २० ते २५ अंश असताना, कारण आतल्या अरुंद गळ्यात हवा आणि पेट्रोलची वाफ मिळून तापमान वीस अंशांनी सहज उतरते. उतरताना इंजिन मंद केले की धोका सर्वांत जास्त. किनाऱ्याकडे खाली येण्यापूर्वी कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची सवय ठेवा.

चार विमाने एकत्र जाणार म्हणजे शेजारी शेजारी उडणार, असा अर्थ कोणीही घेऊ नये. जवळून उडणे ही वेगळी विद्या आहे, आणि मित्राच्या विमानाचा फोटो काढण्याचा मोह हे ती शिकण्याचे निमित्त नव्हे. माझी पद्धत अशी: सर्वांत वेगवान विमान आधी निघते, बाकीची पाच-पाच मिनिटांनी, म्हणजे मधले अंतर वाढत जाते आणि कोणी कोणाला मागून गाठत नाही, पहिला उतरणारा रेडिओवर वारा आणि गवताची स्थिती सांगतो. हवामानाचा निर्णय मात्र प्रत्येकाने आपापल्या विमानासाठी स्वतंत्रपणे घ्यायचा. आमच्या गटात एकच नियम आहे: जो ‘मी जात नाही’ म्हणेल त्याला कारण विचारायचे नाही, जागेवरही नाही आणि नंतर चहाच्या वेळीही नाही.

उतरल्यावर तंबूच्या आधी विमान बांधा. हे किती गरजेचे आहे ते तुमच्याच आकड्यांत दिसते: ६०० किलोला तुमचे विमान ४२ नॉटला स्टॉल होते, आणि स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून ३४५ किलोचे रिकामे विमान सुमारे ३२ नॉटच्या झोतातही, पंखाचा कोन जुळला तर, जमिनीवरून उचलले जाऊ शकते. शेपटीकडे चाक असलेली विमाने उभी असतानाच नाक वर करून असतात, म्हणजे तो कोन त्यांनी आधीच धरलेला असतो. त्यामुळे तुमच्या विमानाचे नाक वाऱ्याकडे करा आणि पुढच्या चाकांखालची वाळू वीतभर उकरून नाक खाली आणा किंवा शेपटीचे चाक एखाद्या पेटीवर घेऊन बांधा. जमिनीत पिळून बसवायचे खुंटे मातीत उत्तम धरतात, पण वाळूत नुसते वर येतात. वाळूत अर्धा मीटर खोल आडवा चर खणा, फळीच्या मधोमध दोर बांधून ती त्यात आडवी पुरा आणि वाळू पायाने दाबा. मी स्वतः असा बांधलेला दोर दोघांनी ओढून पाहिला आहे, फळी हलली नाही. दोर पंखापासून ४५ अंशांत, किंचित ढिला. सुती दोर भिजला की आखडतो, म्हणून नायलॉनचा घ्या. दांडा आणि पेडल अडकवून टाका, हवेच्या वेगाच्या नळीवर टोपी चढवा, कारण कुंभारमाशीला मातीचे घर बांधायला एक दुपार पुरते.

वाळूवर विमान एका जागी उभे ठेवून इंजिनाची पूर्ण जोराची तपासणी करू नका. प्रोपेलर खडे उचलून स्वतःच्याच पुढच्या कडेवर मारून घेतो. ती तपासणी हळूहळू सरकत, गवतावर करा. चाकांवरची आवरणे घरीच काढून ठेवा, कारण ओले गवत आणि वाळू त्यात भरून चाक अडते. प्रत्यक्ष समुद्रकिनाऱ्यावर उतरावे का, असेही तुम्ही विचारले आहे. स्कॉटलंडमधल्या बारा बेटावर नियमित प्रवासी विमाने किनाऱ्यावरच्या वाळूत उतरतात आणि त्यांचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालते; पण तिथली वाळू कोणती आणि कधी घट्ट असते हे रोज पाहणारी माणसे आहेत. तुमच्या लहान चाकांना कोरडी वाळू गिळते, ओली घट्ट पट्टी अरुंद आणि समुद्राकडे उतरती असते, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे कालचे पाहिलेले आज उपयोगी पडत नाही. माझ्या मते उतरू नये.

कागदपत्रांबद्दल एवढेच: जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या, विमा अशा पट्टीवर लागू आहे का ते विचारा, आणि मार्ग दुसऱ्या देशावरून जात असेल तर आधी परवानगी मिळवा, कारण घरी बांधलेल्या विमानाचे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नसते आणि आपोआप सर्वत्र मान्य होत नाही.

परतीच्या सकाळी, धुके विरण्याची वाट पाहताना, प्रत्येक टाकीच्या तळाचे इंधन काचेच्या पेल्यात काढून पाहा. रात्रीच्या दमट हवेने अर्धवट रिकाम्या टाकीत पाणी धरते, आणि ते पेल्याच्या तळाशी गोल, हलणाऱ्या थेंबासारखे दिसते. पेला पूर्णच स्वच्छ आणि रंगहीन दिसला तर खूश होऊ नका. कधी कधी तो सगळाच पाण्याने भरलेला असतो, म्हणून वास घ्या आणि रंग पाहा. थेंब येणे बंद होईपर्यंत काढत राहा, मग शेपटी हलवून, पाच मिनिटे थांबून पुन्हा एकदा काढा.

घरी पोहोचलात की त्याच संध्याकाळी विमान गोड्या पाण्याने धुवा, पंखांच्या खालच्या बाजूने आणि बिजागरांतून विशेष, कारण मिठाचा थर दमट हवेत रात्रभर काम करत राहतो. दुसऱ्या दिवशी शेपटीकडची तपासणीची झाकणे उघडा. वाळू नेहमी तिथेच, सर्वांत मागच्या कप्प्यात, ओळीने साचलेली सापडते, आणि तिचे वजनही मागेच असते.